मध्यरात्रीच्या डाकोटावरचे डाग

(दृश्य: टेबलावर डाकोटाचं मॉडेल. कॅमेरा डाव्या पंखावरून हळूहळू इंजिनाकडे.)

एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हे विमान ४० सेंटिमीटर भरतं. खरं डाकोटा, म्हणजे दोन इंजिनांचं जुनं प्रवासी-मालवाहू विमान, २९ मीटरचं. हे त्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं. किट विकत मिळतं, भाग सुटे करून, घासून, चिकटवून विमान उभंही राहतं. पण तेव्हा ते नुसतं डाकोटा असतं, कुठलंही. आम्हाला हवं आहे ते नागपूरला उतरणारं.

१९४९ साली देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार गावांहून टपालाच्या थैल्या घेऊन विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरायची. तिथे थैल्यांची अदलाबदल. मुंबईचं विमान बाकी तिन्ही गावांची पत्रं घेऊन पुन्हा मुंबईला, दिल्लीचं दिल्लीला. उजाडेपर्यंत चारही विमानं आपापल्या ठिकाणी. नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे आपण झिरो माइलपाशी उभं राहून सांगतो. टपाल खात्यानं त्या मध्याचा रोज रात्री उपयोग करून घेतला.

या फेऱ्यांचे डाग विमानावर दिसले पाहिजेत. मॉडेलवाले याला वेदरिंग म्हणतात, आणि बरेचदा त्याचा अर्थ ‘मळवणं’ असा घेतला जातो. आमचा नियम साधा आहे: ज्या डागाचं कारण सांगता येत नाही, तो डाग द्यायचा नाही.

(दृश्य: इंजिन, अगदी जवळून.)

इंजिनापासून सुरुवात करू. प्रॅट अँड व्हिटनी ट्विन वास्प. चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगा, चक्राकार. किटमध्ये सिलिंडर आहेत, पण त्यांना ठिणगी पुरवणाऱ्या वायरी नाहीत. त्या जुन्या इअरफोनच्या तारेतून निघतात. आतला तांब्याचा एक-एक केस सोडवायचा, कापायचा आणि चिमट्यानं जागेवर ठेवायचा. चाकांच्या पायांवरची ब्रेकची नळीसुद्धा त्याच तारेची.

आता धूर. इंजिनाचा धूर खालच्या बाजूनं बाहेर पडतो आणि पंखाखालून मागे जातो. तो नुसता काळा फवारला की काम बिघडलं. या इंजिनांच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. उड्डाणाच्या वेळी इंधनाचं मिश्रण दाट असतं, तेव्हा काजळी धरते. वर गेल्यावर मिश्रण पातळ करतात, आणि मग तासन्‌तास फिकट राखाडी, किंचित मातकट थर बसत जातो. कलकत्ता ते नागपूर डाकोटाला तीन-चार तास लागत असणार. म्हणजे धुराच्या पट्ट्याच्या मधोमध फिकट राख, कडेला तपकिरी, आणि काजळी अगदी नळीच्या तोंडाशी. एअरब्रशमध्ये, म्हणजे रंग फवारायच्या पेनात, रंग इतका पातळ करायचा की पहिल्या दोन हातांत काहीच झालं नाही असं वाटावं.

तेलाची गोष्ट वेगळी. अशी इंजिनं तेल गाळतातच. हवेत असताना ते तेल मागे ओढलं जातं, आणि विमान उभं राहिलं की खाली ठिबकतं. म्हणून एकाच इंजिनावर दोन दिशांचे ओघळ येतात. कॉलेजच्या मुलांना चित्रकलेसाठी लागते तीच तैलरंगाची ट्यूब सीताबर्डीच्या बाजारातून आणायची, बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी. रंग पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा, म्हणजे त्यातलं जास्तीचं तेल पुठ्ठा शोषून घेतो. मग बारीक ब्रशनं ठिपका ठेवायचा आणि थिनरनं ओलसर केलेल्या दुसऱ्या ब्रशनं तो ओढायचा. इंजिनाच्या मागे वाऱ्याच्या दिशेनं, पोटाकडे सरळ खाली.

(दृश्य: शेपूट. बोट सुकाणूच्या पृष्ठभागावरून फिरतं.)

हे विमान रंगवलेलं नाही, उघड्या ॲल्युमिनियमचं आहे. तेव्हा रंगाचे टवके उडालेले दाखवण्याचा प्रश्नच येत नाही. धातूखाली धातूच. पण सगळा पत्रा एकसारखा चकाकतही नाही. एखादा पत्रा बदललेला, एखादा उन्हानं मंदावलेला. आम्ही चकचकीत काळ्या प्रायमरवर चंदेरी रंगाच्या तीन-चार छटा वापरल्या, शेजारशेजारच्या पॅनलवर किंचित फरकानं. आणि एक गोष्ट डाकोटा करणारे पुष्कळदा विसरतात. शेपटीचं सुकाणू, एलिव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारे शेपटीचे हलते भाग) आणि पंखांच्या टोकांकडचे एलरॉन (विमान कलवणारे हलते भाग) हे पत्र्याचे नाहीत, कापडाचे आहेत. कापड ताणून त्यावर चंदेरी लेप दिलेला असायचा. त्यामुळे तिथे रंग सपाट आणि मंद हवा, धातूची झळाळी नको. एवढं एक केलं तरी प्लॅस्टिक मागे पडतं आणि विमान पुढे येतं.

पॅनलच्या रेषांमध्ये काळा वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, भरायचा मोह आवरावा. मॉडेलवरची रेष ०.२ मिलिमीटर असली तरी खऱ्या विमानाच्या हिशेबात ती १४ मिलिमीटरची फट होते. एवढी फट असलेलं विमान कुणी उडवणार नाही. म्हणून राखाडी-तपकिरी, पातळ, आणि लगेच पुसलेला वॉश.

मातीबद्दल आमचं बरंच बोलणं झालं. विदर्भाची काळी कापसाची माती चाकांना लावावी असं वाटणं साहजिक आहे. पण टपालाचं विमान पक्क्या धावपट्टीवर उतरायचं. चिखल नाही, धूळच. शिवाय खरी माती कितीही चाळली तरी तिचा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा कण इथे सात मिलिमीटरचा खडा होतो. म्हणून पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून त्याची भुकटी केली. ती चाकांना आणि त्यांच्या मागे पंखाच्या खालच्या अंगाला, जिथे चाकं धूळ उडवतात तिथे. पंखावर, इंजिनाच्या आतल्या बाजूला, मेकॅनिकच्या बुटांच्या खुणा आणि इंधनाच्या झाकणामागे वाळलेल्या पेट्रोलचा पुसट फराटा.

नागपुरात रंगकामाचं वेळापत्रक ऋतू ठरवतो. मे महिन्यात ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकाशीच वाळतो, वाळणं लांबवणारं रिटार्डर घातल्याशिवाय चालत नाही. कूलर लावला तर त्याची ओल आणि धूळ थेट ओल्या रंगावर येते, म्हणून तेवढा वेळ बंद. आणि जुलैच्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक चढते. धातूची छटा द्यायला हिवाळा उत्तम.

(दृश्य: मागचा उघडा दरवाजा.)

हा डाव्या बाजूचा मोठा दरवाजा. युद्धानंतर आपल्याकडच्या कंपन्यांकडे आलेली डाकोटा मोठ्या प्रमाणावर लष्करातून निघालेली होती, आणि सामान चढवायचा रुंद दरवाजा ही त्यांची खूण. आत थैल्या आहेत. एम-सील मळून त्यांचे छोटे गोळे केले, तोंडं आवळली, सुकण्याआधी एकमेकींवर दाबून ठेवली, म्हणजे खालच्या थैल्या वरच्यांच्या वजनानं चेपल्या जातात. रोज रात्री इथून थैल्या ओढल्या जात असतील, तर सगळ्यात जास्त झीज उंबऱ्यावर हवी. तिथे चंदेरी रंग घासून उजळ केला आहे, आणि आजूबाजूला हातांचा मळ.

हा मळ मात्र आम्ही तर्कानं दिला आहे. त्या वर्षांत सोनेगावला काम केलेल्या लोकांच्या घरी, टपाल खात्यातल्या, विमानतळावरच्या, जुने फोटो असतील. त्यात माणसांच्या मागे विमान उभं असेल. असा फोटो तुमच्याकडे असला तर माणसांवरून नजर थोडी मागे न्या आणि दरवाजाचा उंबरा, इंजिनाखालची जमीन, पंखाची खालची बाजू बघा. तिथे काही दिसलं तर आम्हाला कळवा. दरवाजा अजून चिकटवलेला नाही, रंग पुन्हा देता येईल.