सांग, मी आता काय करणार?

नमस्कार श्रोतेहो.

आज खेळाबद्दल बोलू. फरशीवर कोळशानं रेघा ओढून, चिंचोके नाहीतर खडे घेऊन आपण खेळलो ते खेळ. नवकंकरी तुम्हाला ठाऊक आहेच. एकात एक तीन चौकोन, बाजूंच्या मध्यातून त्यांना जोडणाऱ्या चार रेघा, दोघांचे नऊ-नऊ खडे. तीन खडे एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. दोनच उरले की तो हरला. काही गावांत कोपऱ्यांतूनही रेघ काढतात. त्यावरून घरी भांडू नका.

खेळानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. पारावर चाळीस वर्षं पत्ते कुटणारी मंडळी मी पाहिली आहेत. पत्ते झिजले, मंडळी आहे तशीच. विचार करून खेळणं निराळं, आणि ते मला कळलं बहात्तरच्या दुष्काळात.

१९७२ साली मी अकरा वर्षांचा होतो. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या कडेला आमचं गाव. विहिरी आटल्या, शेतात काडी नाही, आणि माझी माय गावातल्या बायांसोबत दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिच्यामागं मी. दुपारी सुट्टी झाली की बाभळीच्या सावलीत मिलोची भाकरी. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. आता शहरातल्या हॉटेलात ज्वारीची भाकरी मोठ्या कौतुकानं, मोठ्या किमतीला वाढतात. वाढणाऱ्यांना एकदा मिलो खाऊ घातला पाहिजे. असो.

त्या बाभळीखाली एक सपाट खडक होता. आबा नावाचा म्हातारा त्यावर गारगोटीनं नवकंकरी आखायचा. एकाचे काळ्या खडीचे तुकडे, दुसऱ्याच्या पांढऱ्या गारगोट्या. आम्ही पोरं कोपरे धरायचो, कारण कोपऱ्यात बरं वाटतं, दोन्हीकडून भिंत असल्यासारखं. आबा मात्र मधल्या चौकोनाच्या बाजूवर, बरोबर मध्यावर खडा ठेवायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "वाटा मोज." मोजल्या. कोपऱ्यातून दोनच वाटा निघतात, तिथून चार.

आणि त्यांची एक खोड होती. आपण खडा ठेवायला हात पुढं केला की ते मनगट धरायचे. "थांब. म्या आता काय करणार हाय, ते सांग." सांगता आलं नाही तर खडा टेकवू द्यायचे नाहीत. पुन्हा सांगतो, नीट ऐका: तू काय करणार ते विचारायचे नाहीत, मी काय करणार ते सांग म्हणायचे. पहिले आठ दिवस मला रडू यायचं.

मुकादमही दुपारी खेळायला बसायचा. आता मुकादम म्हणजे कोण, तर संध्याकाळी खडीचं माप घेणारा. लाकडी चौकटीत खडी भरायची, तेवढी मजुरी. चौकट भरताना खडी जरा हलवली, जरा दाबली, की मायच्या दिवसभराच्या ढिगातल्या दोन पाट्या गायब. पहिल्या आठवड्यात आबांनी मुकादमाला दोनदा हरवलं, आणि दोन्ही दिवशी साऱ्या टोळीचं माप कमी भरलं. बाया म्हणाल्या, "आबा, हारा की वो एकदा." आबा म्हणाले, "जाणून हारलो की त्याला कळतंय. मंग तर आनखीच दाबंल."

दुसऱ्या दिवसापासून डाव संपेनासा झाला. कामाची शिट्टी व्हायची, आणि खडकावर दोघांचे चार-चार, पाच-पाच खडे तसेच. मुकादम खूश, म्हाताऱ्याला अडवलं म्हणून. माप बरोबर निघू लागलं. दोन आठवडे असंच चाललं. मी रोज शेजारी बसून मनातल्या मनात सांगायचो, आता आबा हा खडा हलवणार. एके दिवशी साफ दिसलं: एक खडा सरकवला की आबांचे तीन एका ओळीत. आबांनी तो सोडून भलताच हलवला. मी ओरडलो, "आबा, तीन होत होते की!"

मायनं दंडाला असा चिमटा काढला की निळं उठलं. मुकादमानं डावाकडं पाहिलं. त्या खड्यावर बोट ठेवलं, पुढं नेलं, मागं आणलं. उठून गेला. त्या संध्याकाळच्या मापाचं काय झालं ते तुमचं तुम्ही ओळखा.

पुढं नोकरीत असताना एकदा वाचलं, की राल्फ गासर नावाच्या संशोधकानं १९९३ साली संगणकाकडून या खेळाचा सगळा हिशेब करून घेतला. दोघंही एकही चूक न करता खेळले, तर डाव बरोबरीत सुटतो. मला हसू आलं. गासरची बरोबरी दोन बिनचूक खेळाडूंची होती. आबांसमोर कच्चा गडी होता. त्याच्या प्रत्येक चुकीला आपली एक मोजून-मापून चूक जोडायची, तीही त्याला न कळता, आणि शिट्टी कधी होणार याचा अंदाज ठेवून. त्यासाठी कुठला संगणक लावणार?

मैदानावरही हेच. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागं वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला सगळं मोकळं. म्हणून नुसत्या पायांवर गडी बाद होत नाही. तो कुठं वळणार ते आधी ओळखून खो द्यावा लागतो. आपल्या धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तो याच खेळासाठी. आणि तरी शाळेत खेळाचा तास आला की गणिताचे सर येऊन तो घेऊन जातात. मला तर वाटतं, महिन्यातून एकदा खेळाच्या सरांनी गणिताचा तास घ्यावा.

मोबाईलवरच्या लुडोबद्दल बोलू नका म्हणून नातवानं बजावलंय. एवढंच बोलतो: तिथं तुमचं मनगट कुणी धरत नाही. उलट घड्याळ पळत असतं, टाक लवकर, टाक लवकर. घाई कशाला? वेरूळला २१ नंबरच्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळत बसलेत. शेकडो वर्षं झाली, अजून डाव चालूच आहे.

तर आज जेवणं झाली की आखा. घरात फरशी चकचकीत असेल तर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखा. तूर नाहीतर हरभरा घ्या, नऊ-नऊ दाणे. लहान मुलासोबत खेळताना मुद्दाम हरू नका, त्यांना कळतं. मनगट धरा आणि विचारा: मी आता काय करणार, सांग. फक्त लेकरू रडलं तर आकाशवाणीला पत्र पाठवू नका.

वेळ संपत आली, आणि मुकादमाचं राहिलंच. दोन दिवस तो फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला, खडकावर बसला आणि म्हणाला, "आबा, आज खरं खेळा."

आबा म्हणाले, "खेळतो की. माप बी खरं घ्याल का?"

मुकादम काही बोलला नाही. पहिला खडा त्यानं कोपऱ्यातच ठेवला. दुसरा उचलला, हात मध्येच थांबवला आणि माझ्याकडं पाहून म्हणाला, "काय रे, म्हातारा आता काय करंल?" मी मायकडं पाहिलं. ती खाली मान घालून भाकरी मोडत होती. मी सांगितलं नाही.

डाव मुकादम हरला. त्या संध्याकाळचं माप पुरं निघालं. दुसऱ्या दिवशीचं पुन्हा कमी भरलं. पण त्या दिवशी आबा तापानं घरी होते, आणि खडकावर कुणीच बसलं नव्हतं.

नमस्कार.