थॅलॅमस आणि कॉर्टेक्स: माणूस शुद्धीवर राहतो कसा?

मंडळी, 1975 साली अमेरिकेत कॅरन ॲन क्विनलन ही 21 वर्षांची मुलगी श्वास बंद पडून कोसळली. पुढची 10 वर्षं ती डोळे उघडायची, मिटायची. व्हेंटिलेटर काढल्यावरही स्वतः श्वास घेत राहिली. भान मात्र परतलं नाही. तिच्या मेंदूच्या तपासणीचा अहवाल 1994 मध्ये छापून आला. सगळ्यात जास्त नुकसान कॉर्टेक्सचं, म्हणजे मेंदूच्या वरच्या घडीदार थराचं, झालं असेल असा समज होता. प्रत्यक्षात ते थॅलॅमसचं निघालं.

थॅलॅमस मेंदूच्या पोटात, दोन्ही बाजूंना एकेक. त्याला ‘संदेश पुढे धाडणारं ठाणं’ म्हणतात, ते मला फार तोकडं वाटतं. डोळ्यांचे संदेश घेणाऱ्या त्याच्या भागातसुद्धा डोळ्यांपेक्षा कॉर्टेक्सकडून उलट येणाऱ्या जोडण्या जास्त असतात. जागेपणी ब्रेनस्टेमकडून, म्हणजे मेंदूच्या खालच्या देठाकडून, येणारं ॲसिटिलकोलिन हे रसायन थॅलॅमसच्या पेशींना सज्ज ठेवतं, आणि त्या मिळालेल्या संदेशाबरहुकूम एकेक विद्युत स्पंद पुढे देतात. गाढ झोपेत हा पुरवठा आटला की पेशींच्या आतला विद्युतभार आणखी ऋण होतो, कॅल्शियमच्या खास वाहिन्या कामाला लागतात आणि स्पंद झुबक्यांनी सुटतात. मग कॉर्टेक्सवर सेकंदाला 1 ते 4 अशा संथ लाटा उठतात. पेशी गप्प नसतात. बाहेरची खबर तेवढी त्यांच्या स्पंदांत नीट उमटत नाही.

आता एक फसवा आजार. काही माणसांत दोन्ही थॅलॅमसच्या मधल्या भागाला एकच बारीक रक्तवाहिनी रक्त पुरवते: पर्शेरॉनची धमनी. तिच्यात गुठळी अडकली की हातपाय लुळे न पडताही माणूस गाढ गुंगीत जातो. दारूचा किंवा गोळ्यांचा अंमल असेल असं वाटतं, सुरुवातीचा सीटी स्कॅनही बऱ्याचदा नॉर्मल येतो. म्हणून अचानक गुंगी आलेल्या रुग्णाची रक्तातली साखर तपासायचीच, पण पापण्या उचलून नजर वर-खाली वळते का तेही पाहायचं. वळत नसेल तर डिफ्यूजन एमआरआय, म्हणजे रक्त न पोचलेला भाग लवकर दाखवणारा स्कॅन, लगेच करायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तो वेळ निदानातच निघून जातो.

2020 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटानं भूल दिलेल्या माकडांच्या थॅलॅमसमधल्या सेंट्रल लॅटरल केंद्रक नावाच्या पेशीगटाला सेकंदाला 50 विद्युत स्पंद दिले. भूल चालू असतानाच माकडांनी डोळे उघडले. स्पंद थांबवले की पुन्हा गुंगी.

माणसातला प्रयोग त्याआधीचा, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला. डोक्याला मार लागून 6 वर्षं जेमतेम भानावर असलेल्या 38 वर्षांच्या रुग्णाच्या दोन्ही थॅलॅमसमध्ये इलेक्ट्रोड बसवले, तेव्हा तो शब्द बोलू लागला, तोंडानं जेवू लागला. पण त्याच्या कॉर्टेक्समधली भाषेची यंत्रणा बरीच शाबूत होती, हे आधीच स्कॅनवर पाहिलेलं होतं. ती किंवा तिला जोडणारे तंतू नष्ट झाले असतील तर इलेक्ट्रोडनं जागं करायला काही उरत नाही. ही अजून रोजची उपचारपद्धत झालेली नाही, आणि नातेवाइकांना हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवं.