पत्ता लपवायचा, पण कुणापासून?

मंडळी, पडद्यावर दिसतंय ते क्यूबिटटोरेंट, म्हणजे बिटटोरेंट (थोडक्यात टोरेंट) पद्धतीने एकमेकांकडून फाइली उतरवायचं सॉफ्टवेअर. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल उतरवायला लावली आहे. ती फुकट आहे आणि कायदेशीरही, तेव्हा आयोजकांनी निर्धास्त राहावं. आता खालचा 'पिअर्स' भाग, म्हणजे हीच फाइल देणाऱ्या-घेणाऱ्यांची यादी, उघडतो. आयपी पत्ता (इंटरनेटवर यंत्र ओळखायचा क्रमांक), देशाचा झेंडा, कुठलं सॉफ्टवेअर, फाइल किती टक्के उतरली, सगळं ओळीने आलं. यातल्या एकालाही मी ओळखत नाही, तरी त्याचा पत्ता माझ्यासमोर आहे आणि माझा त्याच्यासमोर.

यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. २००१ साली ब्रॅम कोहेनने बिटटोरेंटची रचनाच अशी केली. तुकडे एकमेकांकडून घ्यायचे, तर ते कुणाकडे आहेत हे कळायलाच हवं. आधी ही यादी ट्रॅकर नावाचा मधला सर्व्हर द्यायचा. पुढे डीएचटी आलं आणि यादी सांभाळायचं कामही सगळ्यांत वाटलं गेलं. सकाळी पोदेर भोंपू वाजवत वाड्यावर येतो, तेव्हा ज्याला पाव नको त्यालाही तो कुठे पोचला ते कळतं. इथेही तसंच. कुणीही फाइल वाटून घेणाऱ्यांच्या गटात शिरून पत्ते टिपून ठेवू शकतो, त्यासाठी फाइल उतरवायचीही गरज नाही.

'पण मी एन्क्रिप्शन चालू ठेवलंय,' असं मघाशी पेडण्याचा एक मुलगा म्हणाला. बरं केलंस बाबा, पण मजकूर कुलूपबंद करायची ती सोय वाटेतल्यासाठी. इंटरनेट कंपन्या टोरेंट ओळखून त्याचा वेग पाडायच्या, त्यांना चकवायला ती सोय आली. तुकडा ज्याच्याकडून घेतोस, त्याला तुझा पत्ता दिसतोच.

मग टोर, म्हणजे अनेक सर्व्हरांतून फिरवून आपला पत्ता लपवणारं जाळं? टोर प्रकल्पानेच २०१० साली लोकांना टोरेंटसाठी ते वापरू नका म्हणून सांगितलं. टोरमधून यूडीपी या पद्धतीने पाठवलेला डेटा जात नाही आणि डीएचटी तर यूडीपीवरच चालतं. शिवाय काही क्लायंट, म्हणजे टोरेंटचे प्रोग्रॅम, ट्रॅकरला पाठवायच्या निरोपातच आपला खरा आयपी लिहून मोकळे होत. बुरखा घालायचा आणि वर नावाची पाटी लावायची! हायफानेटसारखी (२०२३ पर्यंतचं नाव फ्रीनेट) जाळी मुळातच निनावीपणासाठी बांधलेली आहेत. तिथे तुकडे अनेकांच्या हातून फिरतात, म्हणून वेग रडका.

राहता राहिला व्हीपीएन, म्हणजे आपली इंटरनेटवरची ये-जा एका मधल्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सोय. तो लावला की गटाला आपला पत्ता दिसत नाही, पण व्हीपीएनवाल्याला दिसतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने भारतातल्या व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही कंपन्यांनी इथले सर्व्हरच हलवले. जाहिरातीत ही बाजू सहसा नसते. आणि व्हीपीएन मध्येच तुटला तर टोरेंट खऱ्या पत्त्यावरून चालू राहू शकतं. त्यासाठी क्यूबिटटोरेंटच्या प्रगत सेटिंगमध्ये 'नेटवर्क इंटरफेस' म्हणून फक्त व्हीपीएनच निवडून ठेवायचा; मग तो तुटला की टोरेंटही थांबतं.

जत्रेतल्या नाटकाचं रेकॉर्डिंग मंडळातल्या दहा जणांना पोचवायचंय, असं कुणीतरी विचारलं होतं. त्यासाठी टोरेंटच्या वाटेला जाऊच नका. सिंकथिंग हे ठरावीक यंत्रांमध्येच फाइली पोचवणारं सॉफ्टवेअर घ्या. त्यात दोन्ही बाजूंनी एकमेकांचं यंत्र मंजूर केल्याशिवाय फाइल हलत नाही. एक मात्र बघा: यंत्रं एकमेकांना सापडावीत म्हणून ते आपला पत्ता एका सार्वजनिक सर्व्हरला कळवतं. 'ग्लोबल डिस्कव्हरी' बंद केलं की तेही थांबतं, फक्त मग पत्ते हाताने भरावे लागतात.