तोल

(पुढचं चाक, अगदी जवळून)

या चाकाकडे नीट बघा. रस्ता सरळ आहे, तरी ते क्षणभरही स्थिर नाही. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. सायकल ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला चाक वळतं आणि सायकल पुन्हा भाराखाली येते. तोल म्हणतात तो हा. सतत जाणारा आणि सतत सावरलेला.

(एक वळण, संथ गतीत)

उजवीकडे वळायचंय. हँडल आधी किंचित डावीकडे जातं. दिसलं? तेवढ्यानं सायकल उजवीकडे झुकते आणि मग वळते. रोज चालवणाऱ्यांपैकी कित्येकांना हे ठाऊकही नसतं. शरीर ते कधीच शिकून बसलेलं असतं.

(हँडलवरचा कॅमेरा, भर गर्दीचा रस्ता)

त्यामुळे मन रस्ता वाचायला मोकळं. उभ्या गाडीत माणूस बसलाय, दार उघडू शकतं, चांगलं मीटरभर लांबून जायचं. ड्रेनेजचं झाकण ओलं आहे, त्याच्यावर ब्रेक दाबायचा नाही. मागच्या बसचा आवाज वाढला. ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगात हे सगळं माणसाच्या आवाक्यात राहतं, पण दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. कालच्या मीटिंगमध्ये कोण काय बोललं, ते इथे आठवत नाही. थरार इथेच आहे आणि मनाला मिळणारा विसावाही इथलाच.

(चढ. चेहरा)

गिअर उतरला. श्वास वाढला. अशा श्रमांत रक्तातलं अनँडमाइड, शरीरानंच बनवलेलं मन प्रसन्न करणारं रसायन, वाढतं आणि ते मेंदूपर्यंत सहज पोचतं. वर्षानुवर्षं या आनंदाचं श्रेय एंडॉर्फिन्सना, शरीरातल्याच वेदना शमवणाऱ्या रसायनांना, दिलं गेलं, पण रक्तातली एंडॉर्फिन्स मेंदूत सहजी शिरत नाहीत.

(उतार. निवेदन नाही.)

(नकाशा, मग सायकल ट्रॅक)

एडिनबरा आणि ग्लासगो या स्कॉटलंडमधल्या शहरांतल्या ३,७८,२५३ नोकरदारांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सायकलनं कामावर जाणाऱ्यांना पुढच्या पाच वर्षांत नैराश्य आणि चिंतेवरची औषधं लिहून देण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी होतं. घरापासून सायकल ट्रॅक किती जवळ आहे, हेही त्यांनी हिशेबात धरलं होतं. ट्रॅकचं महत्त्व यात आलंच.

नुसता रंगवलेला पट्टा पुरत नाही, त्यावर गाड्या उभ्या राहतात. या ट्रॅकला सलग कठडा आहे. जिथे असं काही नाही, तिथे सायकलस्वार जखमी होतात, जीवही जातात.

(चौक, वरून)

या चौकात सायकलींची थांबण्याची रेघ गाड्यांच्या पुढे आखली आहे. त्यांचा सिग्नल काही सेकंद आधी हिरवा होतो. मागचा ट्रक वळायला लागेपर्यंत सायकली चौकाच्या मध्यावर असतात, थेट ड्रायव्हरच्या नजरेसमोर.