आधी घास, मग शेळी

(पहाटेचा अंधार. गोठ्यात एकच बल्ब. खुरानं माती उकरल्याचा आवाज.)

रात्रीपासून तिनं चाऱ्याला तोंड लावलेलं नाही. पुढच्या पायानं जमीन उकरते, बसते, पुन्हा उठते. आजीनं कालच सांगून ठेवलं होतं, "कास तटतटलीय. आज नाही तर उद्या." शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. आजीनं भिंतीवर कोळशानं रेघ मारून ठेवलीय, तिच्या हिशेबानं आजचा दिवस एकशे एकोणपन्नासावा.

पहिलं करडू खाली येतं. आजी आधी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढते, मग गोणपाटानं खसाखसा अंग पुसते. नाळ पोटापासून दोन बोटं सोडून दोऱ्यानं बांधायची, खालून नव्या ब्लेडनं कापायची आणि वर टिंक्चर आयोडीन. हळद नाही. हळदीवरून या घरात सासू-सुनेचं चांगलंच वाजलं होतं, सून जिंकली.

दुसरं करडू येतं तेव्हा शेळी दमलेली असते. ती त्याला हुंगतही नाही. सून तिची मान दाव्याशी आखडून धरते, आजी सडाची पहिली धार जमिनीवर पिळते आणि करडाचं तोंड सडाला लावते. ते सोडतं. पुन्हा लावते. चौथ्या खेपेला शेपूट हलायला लागतं, म्हणजे चीक पोटात उतरतोय. करडू जन्मतं तेव्हा रोगाशी झुंजायचं बळ त्याच्याकडं नसतं, ते चिकातूनच येतं. आणि आतडं ते जेमतेम पहिला दिवसभर नीट शोषून घेतं. म्हणून तासाभरात चीक पाजायचाच. सकाळी उजाडल्यावर पाजू म्हणणाऱ्याची करडं आठवड्यात मान टाकतात.

(उजाडतं. माळरान, दूरवर महामार्ग.)

नाशिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं द्राक्षबाग येते. हा त्याच जिल्ह्यातला सिन्नरचा पूर्व भाग. इगतपुरीला कोसळणारा पाऊस इथं येईस्तोवर रिता होतो. कांदा, बाजरी, जमलं तर डाळिंब. अडीच एकरांवर घर चालेना, म्हणून थोरला मुलगा कारखान्यात कंत्राटी कामाला जायचा. ते काम सुटलं आणि तो मोबाईलवर शेळीपालनाचे व्हिडिओ बघायला लागला. पन्नास शेळ्या, पत्र्याचा उंच गोठा, वर्षाला अमुक लाख! त्या व्हिडिओंत करडू कधी मरत नाही, हे माझं निरीक्षण.

तो कर्जाचे कागद घेऊन आला. आजीनं एकच विचारलं, "खायला काय घालशील?"

इथून खरी सुरुवात झाली, आणि ती शेळीविना झाली. पहिल्या पावसात बांधाला शेवरी, सुबाभूळ, हदगा लावला. विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत घास केला. घास म्हणजे या भागात मेथीघास, त्याला दुसरं नाव लागत नाही. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा आणि किलोभर वाळला लागतो. वर गाभणीला, दूध देणारीला मूठ-दोन मुठी खुराक. वाळल्यासाठी तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट साठवलं. दिंडोरीकडचे पाहुणे म्हणाले, एप्रिलच्या छाटणीचा द्राक्षाचा पाला ट्रॉलीभर फुकट न्या. फुकट म्हटल्यावर कोणाचंही मन डळमळतं. पण बागेवर कशाकशाच्या फवारण्या झाल्यात आणि शेवटची कधी, हे बागवाल्याला नीट सांगता येईना. पाला तिथंच राहिला.

सहा महिन्यांनी शेळ्या आल्या. पाच. जात संगमनेरी, बहुतेक पांढऱ्या, दुधालाही आणि मटणालाही चालणाऱ्या. सिन्नरची शीव ओलांडली की संगमनेर, म्हणजे पाणी-हवा त्यांच्या ओळखीची. तीन गावातल्याच घरांतून घेतल्या, त्यांच्या आया डोळ्यांदेखत होत्या. दोन मात्र मुलानं आठवडे बाजारातून आणल्या. स्वस्त पडल्या. व्यापाऱ्यानं रुमालाखाली बोटं दाबून सौदा केला, दात दाखवले, कास दाबू दिली, सगळं ठीक. दुभती, गुणाची शेळी बाजारात आणतो कोण, हा प्रश्न घरी आल्यावर सुचला.

पाचव्या दिवशी बाजारातल्या शेळीचं नाक गळायला लागलं. मग ताप, तोंडात फोड, हगवण. डॉक्टर बघताक्षणी म्हणाले, पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांत झपाट्यानं पसरणारा विषाणूचा रोग. पाचांतल्या दोन गेल्या, आणि त्यातली एक गावातली होती. चूक एवढीच, की नवं जनावर तीन आठवडे वेगळं बांधलं नव्हतं. पीपीआरची लस आहे, एक टोचणी तीन वर्षं पुरते. आता करडू चार महिन्यांचं झालं की पहिलं काम तेच. दुसरी लस आंत्रविषाराची, पावसाळ्याआधी. कोवळ्या गवतावर तुटून पडलेलं धडधाकट करडू सकाळी मेलेलं सापडतं ते बहुधा याच रोगानं.

(गोठा. मूल लाकडी गव्हाणीवर चढलंय.)

गोठा शेवटी झाला. जुने वासे, पत्रा, मुरमाची जमीन. शेळीमागं दहा चौरस फूट आत आणि त्याच्या दुप्पट उघड्यावर. पैसा गेला तो जाळीवर, कारण बिबट्या. उसाच्या फडातून आता तो वस्तीपर्यंत येतो. जाळी चारी बाजूंनी आहे, वरूनही आहे.

अनुदानाच्या योजना आहेत. १० शेळ्या आणि १ बोकड असा गट मिळतो, सर्वसाधारण गटाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के. यांनी अर्ज केलाय, पण त्या भरवशावर घर चालवलेलं नाही. विमा मात्र स्वतःहून काढला.

विक्रीचं गणित आजी तोंडी मांडते. आखाडात भाव चढतो, श्रावण लागला की खाटीक फिरकत नाही. बकरी ईदला दोन दाती बोकड लागतो, म्हणजे वर्ष उलटलेला. आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेव्हा वेत त्या हिशेबानं धरावं लागतं. फेब्रुवारी-मार्चला शेळी बोकडाला लावली तर करडं ऐन पावसात पडतात, ती जगवणं जिकिरीचं. म्हणून होता होईल तो जून-जुलै. दोन वर्षांत तीन वेतं मिळाली तर आजी खूश असते. रुमालाखालचा सौदा बंद झालाय. आढ्याला काटा टांगलाय, गिऱ्हाईक घरी येतं, जिवंत वजनावर पैसे मोजून देतं. लेंडीखत डाळिंबवाले ट्रॉलीनं उचलतात.

आज अकरा जनावरं आहेत. त्यात घरच्या बोकडाच्या दोन पाठी, म्हणजे तरण्या लेकी, माजावर यायला आल्यात, म्हणून बोकड बदलायचा. बाप-लेकीचा संबंध आला की करडं दुबळी निघतात. दापूरकडच्या एका कळपाशी अदलाबदल ठरलीय. बोकड देखणा आहे, घरात वाढलेला, भाकरी हातातून घेतो. सून सकाळपासून त्याच्याकडं बघत नाही.

(पिकअप दारात. बोकड चढायला तयार नाही. दोघं मागून ढकलतात.)

धाकटीनं त्याच्या गळ्यातली घुंगरं आधीच सोडून घेतलीत. नव्याच्या गळ्यात बसतील की नाही, हे ती मुठीत धरून मोजतेय.