ओकच्या खोडावरची कुऱ्हाड

[पडद्यावर : मोजणीचा जुना कागद, फिकट झालेली शाई]

ओढ्याकाठचा पांढरा ओक, ही पहिली खूण. तिथून पूर्वेला दोन बीच झाडांपर्यंत. मग वळून हिकरीच्या झाडापाशी, आणि फिरून परत त्या ओकजवळ. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या केंटकीत जमिनीची चतुःसीमा लिहायची पद्धत ही अशी होती.

केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग. रानं शॉनी आणि चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या शिकारीची. पण व्हर्जिनियाने १७७९ मध्ये जमिनीचा जो कायदा केला, त्यात हक्कदार म्हणून त्यांना जागाच नव्हती. १ जानेवारी १७७८ पूर्वी येऊन वसलेल्या माणसाला ४०० एकर, आणि लगतची १००० एकर विकत घेण्याचा पहिला मान. अट एवढीच, की त्याने इथे एकदा तरी मका पिकवलेला असावा किंवा वर्षभर मुक्काम केलेला असावा. हे तपासायला आयुक्त हॅरॉड्सबर्ग, बून्सबरो अशा वस्त्यांमध्ये बसले.

त्यांच्या दाखल्याने काम संपत नव्हतं. आधी वॉरंट, म्हणजे जमीन मोजून घ्यायचा परवाना, मग नोंद, मग मोजणी, आणि शेवटी सनद. यातलं एक जरी राहिलं, तरी कसलेली जमीन दुसऱ्याच्या नावावर जायची.

[पडद्यावर : लोखंडी साखळी, कडी न् कडी]

मोजणी व्हायची ६६ फुटी साखळीने. तिच्या कड्या १००. अर्धी साखळी लांब आणि अर्धी साखळी रुंद एवढा तुकडा घेतलात, तर तो भरतो बरोबर एक गुंठा, आपल्या सातबाऱ्यावरचा! साखळी ओढणारे पुढे, मोजणीदार होकायंत्र घेऊन मागे, आणि कोपऱ्यावरच्या झाडाला कुऱ्हाडीचे घाव.

अडचण झाडांची नव्हती. सरकारने आधी प्रदेश मोजलेलाच नव्हता. ज्याने त्याने आपापली जागा दाखवायची आणि नोंदवायची. त्यामुळे कौलं एकावर एक चढावीत तशा सनदा एकाच जमिनीवर चढल्या. मग खटले. म्हाताऱ्या वसाहतवाल्यांना बोलावून शपथेवर विचारलं जायचं : झरा नेमका कुठे होता? पहिली झोपडी कोणाची? केंटकीच्या सुरुवातीच्या दिवसांचा कितीतरी इतिहास आज हाती आहे, तो या भांडकुदळ जबान्यांमुळे.

वसाहतवाल्यांना केंटकीची वाट दाखवणारा डॅनियल बून स्वतः मोजणीदार. तरी त्याची जमीन सदोष कागदांपायी आणि देण्यांपायी हातची गेली. १७९९ मध्ये तो मिसूरीला गेला, तेव्हा तिथे स्पेनची सत्ता होती. पुढे तो मुलूख अमेरिकेकडे आला आणि बूनचा तिथला हक्कही अपुऱ्या कागदांवर नाकारला गेला. १८१४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, काही जमीन परत दिली. ती घेणेकऱ्यांच्या घशात गेली. वाटाड्याची ही गत, तर साध्या शेतकऱ्याचं काय!

थॉमस लिंकननेही १८१६ मध्ये केंटकी सोडून इंडियाना गाठलं. मुलगा अब्राहमने पुढे लिहून ठेवलं, की गुलामगिरी हे एक कारण होतं, पण मुख्य कारण जमिनीच्या हक्काचा घोळ.

इंडियानात मोजणी आधी, विक्री नंतर. १७८५ च्या अध्यादेशाने सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन, प्रत्येकात ६४० एकरांचे ३६ भाग. तिथेही मोजणीदार कोपऱ्याजवळच्या झाडांची जात नि जाडी वहीत टिपायचे, खूण हरवू नये म्हणून. आज त्याच वह्या चाळून वनस्पतीशास्त्रज्ञ शोधतात, की नांगर फिरण्याआधी कुठे ओक होते आणि कुठे मोकळं गवताळ रान.