टेम्पलर: दंतकथा आणि दप्तर

मंडळी, नमस्कार.

13 ऑक्टोबर 1307, वार शुक्रवार. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याच्या माणसांनी पहाटे राज्यभर एकाच वेळी छापे घातले आणि टेम्पलर, म्हणजे ख्रिस्ती योद्धा-संन्याशांच्या एका संघाचे बंधू, सापडतील तिथून पकडले. आज्ञापत्रे महिनाभर आधीच, 14 सप्टेंबरला निघाली होती, आणि तरी कुठे वाच्यता झाली नाही. शुक्रवार आणि तेरा तारीख म्हणजे अशुभ, ही समजूत या घटनेशी जोडायची रीत मात्र अगदी अलीकडची, विसाव्या शतकातली आहे. या विषयात असे फार होते. कथा नंतर तयार होते आणि जुन्या तारखेला चिकटते.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. गुप्त विधी, मूर्तीचे शिर, देवद्रोह, दडवलेले धन अशा टेम्पलरांच्या ज्या कथा आपण चवीने ऐकतो, त्यांतल्या बहुतेक कथांचे मूळ राजाने त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपपत्रात आहे. माणसे जाळली गेली आणि आरोप तेवढे अमर झाले. मला हा अन्याय वाटतो.

आधी हे लोक कोण होते ते पाहू. 1099 मध्ये पहिल्या क्रुसेडच्या, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्त्यांच्या धर्मयुद्धाच्या, सैन्याने जेरुसलेम घेतले. शहर हाती आले, पण किनाऱ्यावरून शहराकडे येणारी वाट सुरक्षित नव्हती. यात्रेकरू लुटले जात, मारले जात. 1120 च्या सुमारास ह्यूग द पायें नावाच्या फ्रेंच सरदाराने काही सोबत्यांसह या वाटेच्या रक्षणाचे व्रत घेतले. परंपरा सांगते, ते नऊ जण होते. जेरुसलेमचा राजा दुसरा बॉल्डविन याने त्यांना राहायला अल-अक्सा मशिदीचा भाग दिला. त्या जागी पूर्वी सॉलोमनचे मंदिर होते अशी समजूत होती, म्हणून हे ‘मंदिराचे’ योद्धे, टेम्पलर.

संन्याशाने शस्त्र धरावे का, हा प्रश्न तेव्हाच्या ख्रिस्ती जगात साधा नव्हता. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही मठाची तिन्ही व्रते घ्यायची आणि वर रक्तही सांडायचे! 1129 मध्ये फ्रान्समधल्या त्रुआ येथे धर्मसभा भरली, क्लेअरवो मठाचा वजनदार प्रमुख बर्नार्ड याने आपले वजन त्यांच्या पारड्यात टाकले, आणि संघाला नियमावली मिळाली. ती वाचण्यासारखी आहे. आठवड्यातून तीनदाच मांस. जेवताना मौन. रात्री झोपायच्या जागी दिवा जळता ठेवायचा. आईलाही चुंबन द्यायचे नाही. शिकार वर्ज्य, अपवाद फक्त सिंहाचा. त्यांच्या प्रसिद्ध मुद्रेवर एका घोड्यावर दोन स्वार दिसतात, त्यावरून ते इतके गरीब होते असे सांगितले जाते. नियमावली मात्र प्रत्येक सरदाराला तीन घोडे देते. पांढरा झगा सरदारांचा. त्यावरचा तांबडा क्रॉस पुढे 1147 च्या सुमारास आला.

एक प्रसंग थोडा थांबून सांगतो. उसामा इब्न मुन्किध हा सीरियातल्या शैझरच्या अमीर घराण्यातला सरदार. म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या. जेरुसलेमला गेला की टेम्पलर त्याला अक्साच्या बाजूची छोटी मशीद नमाजासाठी मोकळी करून देत; ‘माझे मित्र’ असा तो त्यांचा उल्लेख करतो. एकदा नमाज चालू असताना एक फ्रँक, म्हणजे पश्चिम युरोपातला ख्रिस्ती, धावत आला, त्याला धरून त्याचे तोंड पूर्वेकडे फिरवले आणि म्हणाला, प्रार्थना अशी कर. टेम्पलरांनी त्या माणसाला बाहेर काढले. त्यांचे लक्ष जरा हलताच तो पुन्हा आत शिरला. पुन्हा त्याला हाकलून टेम्पलरांनी उसामाची क्षमा मागितली: हा माणूस नुकताच फ्रँकांच्या देशातून आला आहे, याने पूर्वेखेरीज दुसरीकडे तोंड करून प्रार्थना करणारा पाहिलेला नाही. हे सांगणारा त्यांच्या शत्रूपक्षातला आहे, हे लक्षात घ्या. याचा अर्थ ते सौम्य होते असा नाही. रणात ते इतके कडवे होते की 1187 मध्ये हत्तीनच्या लढाईनंतर इतर कैद्यांची खंडणी घेणाऱ्या सुलतान सलादिनने टेम्पलर आणि हॉस्पिटलर (तसाच दुसरा योद्धा-संघ) यांना मात्र ठार करवले.

पैशाचे काय? युरोपभर लोकांनी त्यांना जमिनी, गिरण्या, मळे दान दिले. यात्रेकरूने आपल्या गावच्या टेम्पलर मठात रक्कम ठेवायची आणि पूर्वेत गेल्यावर कागद दाखवून उचलायची. आपल्या सावकारीतली हुंडी जशी चाले, तसाच हा व्यवहार. पॅरिसच्या त्यांच्या गढीत तर फ्रान्सच्या राजाचा खजिनाच असे. 1291 मध्ये अक्का (एकर) हे क्रुसेडरांचे किनाऱ्यावरचे शहर पडले, संघाचा प्रमुख गियोम द बोज्यू लढताना मारला गेला, आणि ज्या भूमीसाठी संघ होता ती भूमी गेली. पैसा राहिला, मूळ काम राहिले नाही. फिलिपला युद्धांनी कर्जबाजारी केले होते. नाण्यातली चांदी त्याने कमी केली होती, 1306 मध्ये ज्यूंना हाकलून त्यांची मालमत्ता घेतली होती. पुढचा बळी कोण, हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही.

आता खटला. आरोप असे: दीक्षेच्या वेळी क्रॉसवर थुंकायला लावतात, ख्रिस्ताला नाकारायला लावतात, अश्लील चुंबने घेतात, एका शिराची पूजा करतात. पॅरिसमध्ये 138 जणांच्या जबान्या झाल्या. चौघे सोडून साऱ्यांनी काही ना काही कबूल केले. प्रमुख जाक द मोले यानेही. कबुली कशी मिळाली, हेही दप्तरात आहे. पोंसार द झिझी याने पोपने नेमलेल्या चौकशी आयोगाला सांगितले की, त्याचे हात पाठीमागे इतके आवळले होते की नखांतून रक्त आले. बेर्नार द वादो याचे पाय विस्तवावर भाजले होते. त्यातून गळून पडलेली हाडे त्याने आयोगापुढे ठेवली. एमरी द व्हिलिये-ल-द्यूक म्हणाला, मला जाळणार असाल तर मी प्रभूला मारले हेही कबूल करीन.

आणि हे तो म्हणाला कधी? 13 मे 1310 ला. आदल्याच दिवशी पॅरिसबाहेर 54 बंधूंना जिवंत जाळले होते. त्या वसंतात सुमारे 600 बंधू संघाचा बचाव करायला पुढे आले होते. आता बचाव म्हणजे पूर्वीची कबुली मागे घेणे, आणि कबुली मागे घेणारा म्हणजे पुन्हा पाखंडात गेलेला, सरळ चितेवर. पकडलेल्यांत लढवय्ये थोडे होते, बहुतेक शेतमळे सांभाळणारे, कारभार पाहणारे, वय झालेले. मरताना त्या चोपन्नांपैकी एकानेही गुन्हा मान्य केला नाही.

त्या शिराचा शोध आयोगाने खरोखर घेतला. पॅरिसच्या गढीतून निघाले ते एका स्त्रीच्या मुखाचे, चांदीचे सोन्याचा मुलामा दिलेले शिर, आत अस्थी आणि त्यावर चिठ्ठी: ‘शिर क्रमांक 58’. संतांच्या अस्थी ठेवायची पेटी ती, तशी कुठल्याही मोठ्या चर्चमध्ये असे. सायप्रसमध्ये चौकशी झाली तेव्हा संघाबाहेरच्या साक्षीदारांनीही टेम्पलरांच्या बाजूने सांगितले. स्पेनकडच्या आरागॉन राज्यात ते निर्दोष ठरले. कबुल्यांचे पीक आले ते फ्रान्समध्ये आणि जिथे छळ झाला तिथे.

तरी 1312 मध्ये पोप पाचवा क्लेमेंट याने संघ बरखास्त केला, आणि तोही दोषी ठरवून नव्हे, बदनाम झाला म्हणून. ऑगस्ट 1308 मध्ये फ्रान्समधल्या शिनों येथे पोपच्या प्रतिनिधींनी मोले आणि इतर प्रमुखांना पापमुक्त केले होते. तो कागद व्हॅटिकनच्या दप्तरात इतिहासकार बार्बरा फ्राले यांना 2001 मध्ये सापडला. मोलेला त्याचा उपयोग झाला नाही. 18 मार्च 1314 ला नोत्र-दामपुढे जन्मठेप ऐकल्यावर तो आणि संघाचा दुसरा एक प्रमुख जोफ्रुआ द शार्नी यांनी उभे राहून कबुली मागे घेतली. त्याच संध्याकाळी सेन नदीतल्या बेटावर दोघांना जाळले.

शापाची कथा इथून सुरू होते. त्या काळच्या एका पद्य बखरीत मोले एवढेच म्हणतो की, देव आमच्या मृत्यूचा सूड घेईल. क्लेमेंट एप्रिलमध्ये वारला, फिलिप नोव्हेंबरमध्ये, 1328 पर्यंत त्याचे तिन्ही मुलगे. मग ‘वर्षाच्या आत देवापुढे या’ हे वाक्य नंतरच्या लोकांनी मोलेच्या तोंडी घातले. अठराव्या शतकात जर्मनीतल्या काही फ्रीमेसन (गूढ विधी पाळणारा बंधुसंघ) मंडळांनी टेम्पलरांना आपले पूर्वज केले आणि गुप्त ज्ञानाची भर पडली.

राहिला खजिना. तो कुठे गेला, याचा हिशोब लागतो. मालमत्ता पोपने हॉस्पिटलरांना दिली. त्यांनी ती मिळावी म्हणून फिलिपच्या तिजोरीत 2 लाख लिव्हर (फ्रेंच चलन) भरले. पोर्तुगालचा राजा दिनिश याने आपल्या राज्यातली मालमत्ता बाहेर जाऊ दिली नाही. 1319 मध्ये त्याने ख्रिस्ताचा संघ स्थापला आणि टेम्पलरांचे किल्ले व जमिनी त्याला दिल्या. पुढे तोमारचा टेम्पलर किल्ला या संघाचे ठाणे झाला. 1420 पासून राजपुत्र हेन्री त्याचा कारभारी होता आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या मोहिमांना संघाचे उत्पन्न लागले. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा तांबडा क्रॉस याच संघाचा. 1510 मध्ये गोवा घेणाऱ्या आरमारामागे जी सत्ता होती, तिचा राजा मानुएल हाच ख्रिस्ताच्या संघाचाही प्रमुख होता. टेम्पलरांच्या धनाचा माग काढायचा तर खजिना पुरला आहे असे सांगतात त्या स्कॉटलंडच्या चर्चचे तळघर खणण्यापेक्षा तोमार ते मांडवी ही वाट धरावी.